कायद्याचा कट्टा : स्टॅम्पपेपरवर सही झाली, आता काय?

प्रश्न : वकीलताई, आमचे हे सोलापुरात अक्कलकोट रोडला यंत्रमागावर टॉवेल विणायचे. वय 40, महिन्याला बारा हजार पडायचे. तीन महिन्यांमागं मागाचा धोटा (आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा) उडून डाव्या डोळ्यावर बसला. नजर गेली ती गेलीच. कारखानदारानं वीस हजार दिले आणि ‘काही तक्रार नाही’ अशी स्टॅम्पपेपरवर सही घेतली. वर म्हणतात, चूक तुझीच, आधी तीस हजारांची उचल फेड. घर माझ्या विड्यांवर चाललंय. काही मिळेल का?
— एक वाचक, पूर्व भाग

उत्तर : मिळेल, ताई. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यापुढं रद्दच, मग खाली चार साक्षीदार असोत. उचलही भरपाईतून वळती करून घेता येत नाही. आणि ‘चूक तुझीच’ म्हणाल तर, दारू पिऊन मागावर उभे नव्हते ना? मुद्दाम नियम मोडला नव्हता ना? मग साध्या नजरचुकीनं हक्क जात नाही.

हिशेब बघा. 12,000 चे 60 टक्के 7,200. कायद्याच्या तक्त्यात चाळिशीचा गुणांक 184.17. गुणाकार 13,26,024. दुसरा डोळा चांगला असताना एकाची नजर गेली, तर त्याचे 30 टक्के, म्हणजे 3 लाख 97 हजारांच्या वर. औषधपाण्याचा खर्च निराळा. हे 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यापासून चालत आलंय, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच रीत आहे. मात्र कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील आणि ह्यांचा ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) नंबर असेल, तर दावा तिकडंच करा. तिथं दरमहा पैसे मिळतात.

मला खरी धास्ती केसपेपरची आहे. दवाखान्याच्या पायरीवरच ‘घरी पडलो म्हण, पोलीस केस नको’ असं कानात सांगणारे मुकादम मी पुष्कळ बघितलेत. तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते आजच वाचून घ्या. ‘घरी’ असेल तर शेजारच्या मागावरच्या दोघांचा जबाब लिहून घ्या, ते गावी जायच्या आत. पगाराची वही, फोनपेवर आलेले पैसे, कारखान्यातला एखादा फोटो, सगळं चालतं. नेमणूकपत्र कुणाकडंच नसतं, ते शोधत बसू नका.

दाव्याला मुदत दोन वर्षांची. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन अर्ज कुणापुढं लावायचा ते विचारा. जाता जाता ह्यांचं बँक पासबुकही बघा. वर्षाला 20 रुपये प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे कापले जात असतील, तर डोळ्याचे एक लाख त्यातूनही मागता येतात. तिथं मात्र उशीर झालाय, उद्याच बँकेत जा.