लहान मुलांसह समुद्रकिनाऱ्यावरच्या गर्दीच्या कॅम्पसाइटवर तंबूत राहायचंय. जागा कोणती घ्यावी आणि काय सांभाळावं?

पाण्याला लागून असलेल्या जागा सगळ्यात आधी भरतात. ती मिळाली नाही म्हणून हळहळू नका. वारा, वाळू आणि रात्रीची वर्दळ तिथेच जास्त. झुडपांच्या किंवा वाळूच्या टेकाडाच्या आडोशाची जागा बघा. स्वच्छतागृह जवळ हवं, पण अगदी शेजारी नको, नाहीतर दाराची आपटाआपट रात्रभर ऐकाल.

खरी अडचण खुंट्यांची. नेहमीच्या बारीक खुंट्या कोरड्या वाळूत टिकत नाहीत, जोराचा वारा आला की उपटून येतात. त्याऐवजी जाड कापडी पिशवीत वाळू भरा, तिला तंबूची दोरी बांधा, हातभर खोल पुरा आणि वरून ओली वाळू दाबून बसवा. उन्हाळी दिवसात वारा बहुधा समुद्राकडून येतो, रात्री जमिनीकडून. म्हणून दोऱ्या चारही बाजूंनी ताणा, एकाच बाजूवर विसंबू नका.

भरतीची वेळ बहुतेक ठिकाणी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त वर चढतं. वाळलेल्या शेवाळाची ओळ दिसते ना, तिच्या खाली सामान ठेवूच नका.

पोहायचं ते जीवरक्षक असलेल्या पट्ट्यातच. पाण्याने आत ओढलं तर किनाऱ्याला समांतर पोहायचं, हे मोठ्या मुलांना आधीच सांगा. लहान मूल मात्र हाताच्या अंतरावरच हवं. पाऊस आला तरी शेगडी तंबूत पेटवू नका, तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

वाळू आत येणारच. दाराबाहेर चटई आणि पाय बुडवायला पसरट टब ठेवला की पुष्कळ झालं.