थंड पाण्यातली पहिली डाइव्ह: विहिरीचा अनुभव धरू नको

भाऊ, प्रश्न नीट वाचला. अंदमानात स्कूबा डायव्हिंगच्या कोर्सपैकी ओपन वॉटर आणि अ‍ॅडव्हान्स्ड झालंय, मार्चमध्ये इंग्लंडात लेस्टरला चुलतभावाकडे जातोय, तिथं स्टोनी कोव्हला एकदोन डाइव्ह मारायच्या आणि तसंच पुढे वहिनींना घेऊन आइसलँडला सिल्फ्रा, म्हणजे पाण्यानं भरलेली जमिनीतली भेग. विचारतोयस की ५ एमएमचा वेटसूट (आत पाणी शिरू देणारा रबरी सूट) आणि हूड घेऊन भागेल का, स्वतःचा रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र) न्यावा का, आणि वर लिहिलंयस की थंडीचं मला सांगू नका, मी धुळ्याचा आहे, जानेवारीत विहिरीत उड्या मारल्यात.

विहिरीपासूनच सुरू करतो, कारण गडबड तिथंच आहे. जानेवारीत पहाटे धुळ्याची हवा ६-७ डिग्रीला जाते, बरोबर, पण विहिरीचं पाणी जातं का? जमिनीखालचं पाणी साधारण वर्षाच्या सरासरी तापमानाला धरून राहतं, आपल्याकडे म्हणजे २५ च्या आगेमागे, म्हणून तर थंडीत सकाळी विहिरीतून वाफा निघतात आणि काठावर कुडकुडणारी पोरं एकदा आत उतरली की वर यायचं नाव घेत नाहीत. तू गार हवेतून कोमट पाण्यात उडी मारलीस भो. सिल्फ्राचं पाणीही जमिनीतूनच येतं, पण ते लांगयोकुल हिमनदीचं वितळलेलं पाणी, लाव्हाच्या खडकातून वर्षानुवर्षं झिरपत येतं आणि बारा महिने २ ते ४ डिग्री असतं. गाळून येतं म्हणूनच शंभर मीटरपर्यंत आरपार दिसतं. स्टोनी कोव्ह म्हणजे पाणी भरलेली जुनी दगडखाण, तिथं मार्चमध्ये ५-६ डिग्री धरून चाल. आणि पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं ओढतं, त्यामुळे हवेतल्या ६ डिग्रीचा आणि पाण्यातल्या ६ डिग्रीचा काही संबंध नाही.

म्हणून ५ एमएम विसर. वेटसूटचं निओप्रीन खोल गेलं की दाबानं चेपतं, म्हणजे नेमकी गरज असते तिथंच पातळ होतं. शिवाय सिल्फ्रात ड्रायसूटशिवाय (अंग कोरडं ठेवणारा सूट) डाइव्ह करूच देत नाहीत, आणि त्यासाठी ड्रायसूटचं सर्टिफिकेट किंवा ड्रायसूटमधल्या लॉग केलेल्या डाइव्ह दाखवाव्या लागतात. आपल्याकडे मालवण-अंदमानच्या दुकानात ड्रायसूट मागून बघ, लोक तोंडाकडे बघतील. त्यामुळे माझं स्पष्ट मत असं की स्टोनी कोव्हला "एकदोन डाइव्ह" नको, ड्रायसूटचा कोर्सच कर, आणि ६-७ मीटरच्या वरच्या टप्प्यावरच कर. तिथं खाली २० आणि ३५ मीटरचेही टप्पे आहेत, त्यांचा मोह धरू नको. अंदमानातल्या डाइव्ह लॉगबुकात कितीही असू देत, या पाण्यात तू नवशिकाच आहेस आणि तसंच इन्स्ट्रक्टरला आधीच सांग.

ड्रायसूट म्हणजे अंगाभोवती हवेची पिशवी. खाली जाताना ती चेपते, सूट ठिकठिकाणी चिमटे काढतो, मग छातीवरच्या बटणानं थोडी हवा आत भरायची. वर येताना तीच हवा फुगते, ती डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून काढायची, त्यासाठी डावा कोपर उंच धरायचा. नवखा माणूस डोकं खाली पाय वर झाला की हवा पायात जाते, पाय फुगतात आणि तो उलटाच पृष्ठभागाकडे निघतो. गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारून सरळ व्हायचं, हे कोर्समध्ये करून घेतातच पण तू दहा वेळा कर. आत सुती बनियन घालू नको, घामानं ओला झाला की तोच गार पडतो, लोकरीचं किंवा थर्मल घाल. उतरायच्या आधी उकिडवं बसून, मानेची सील बोटानं जरा उघडून आतली हवा काढून टाकायची. आणि हो, बाथरूमला आधी जाऊन ये, थंड पाण्यात लघवी जास्त होते आणि वेटसूटमधली सोय इथं नाही.

बुडण्यासाठी बांधायच्या शिशाच्या वजनाचं गणित पूर्ण बदलतं. अंदमानात ४-५ किलोवर तू आरामात असशील, जाड अंडरसूट आणि ड्रायसूट म्हटलं की १०-१२ किंवा त्याच्याही वर. ही दोन्ही ठिकाणं गोड्या पाण्याची, म्हणून समुद्रातल्या ड्रायसूटवाल्यांचे आकडे ऐकून तेवढंच शिसं बांधू नको, थोडं कमी लागेल. टाकी तिकडे बहुतेक स्टीलची मिळेल, ती आपल्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीसारखी शेवटी हलकी होऊन वर ओढत नाही. प्रत्येक वेळी काठावर वेट चेक कर, म्हणजे वजन बरोबर बसतंय का ते तरंगून बघ.

आता रेग्युलेटर, ज्याला लोक सगळ्यात कमी घाबरतात. टाकीतली २०० बार दाबाची हवा फर्स्ट स्टेजमध्ये (रेग्युलेटरचा टाकीवर बसणारा भाग) एकदम १० बारच्या आसपास उतरते आणि अशी हवा पसरताना प्रचंड गार होते. अंदमानात बाहेरचं २८ डिग्रीचं पाणी तिला गरम करत राहतं, ४ डिग्रीत ते जमत नाही, मग आतल्या स्प्रिंगभोवती बर्फ धरतो, व्हॉल्व्ह उघडाच अडकतो आणि हवा धो धो वाहायला लागते. यालाच फ्री फ्लो. भरलेली टाकी काही मिनिटांत संपते. युरोपातल्या मानकात १० डिग्रीखालचं पाणी म्हणजे थंड पाणी आणि त्यासाठी रेग्युलेटरची वेगळी चाचणी असते, तुझ्या मॉडेलला ती मान्यता नसेल आणि फर्स्ट स्टेज सीलबंद नसेल तर तो घरीच राहू दे, तिथं भाड्यानं घे. पाण्याबाहेर त्यातून उगाच श्वास घेत बसायचं नाही, हवा सोडायचं पर्ज बटण दाबून बघायचं नाही, आणि बीसीडीत (तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट) हवा भरताना त्याच क्षणी श्वास ओढायचा नाही, एकेक काम. मी एकाचा फ्री फ्लो शेजारून पाहिलाय, त्याच्या तोंडासमोर बुडबुड्यांची भिंतच उभी राहिली, मास्क दिसेना, पण बडीनं, म्हणजे जोडीदारानं, शांतपणे आपला ऑक्टोपस (श्वास घ्यायची जादा नळी) पुढे केला आणि दोघं वर गेले. डाइव्ह तिथंच संपवायची, खाली बसून दुरुस्ती करायची नाही.

टाकी गरम असताना २०० बारला भरली आणि ३० डिग्रीवरून ५ वर आली तर काही न वापरताच काटा १८० च्या जरा वर दिसतो, गळती नाही ती, पण परत फिरायचा हिशेब खालच्या आकड्यावरून कर. आणि तुझी हवाही जास्त जाणार, निदान सुरुवातीला.

तोंड पाण्यात गेलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात श्वास आपोआप वेगानं चालतो, ओठ आणि कपाळ ठणकतं. सूट चांगला असला तरी चेहरा उघडाच. म्हणून आधी काठावर चेहऱ्यावर पाणी मार, उथळ पाण्यात दोनतीन मिनिटं थांब, श्वास संथ झाला की मगच खाली. हूडमध्ये हळूहळू पाणी शिरू दे, एका कानात गार पाणी आधी गेलं तर थोडा वेळ गरगरतं.

हातांचं मात्र घरी बसून करता येईल. जाड ग्लोव्ह्ज घाल, डोळे मिट आणि बीसीडीची बकल, इन्फ्लेटर, वेट बेल्ट, डाइव्ह काँप्युटरचं (मनगटावर खोली-वेळेचा हिशेब ठेवणारं यंत्र) बटण, सगळं चाचपडत शोध. कॅमेरा पहिल्या डाइव्हला नेऊच नको. बोटं ऐकेनाशी झाली तर ती डाइव्ह संपवायची खूण समज, अंग थरथरायची वाट बघू नको.

डाइव्हच्या शेवटी तू गारठलेला असलास तर अंगात मुरलेला नायट्रोजन हळू निघतो, म्हणून काँप्युटर एक पायरी कडक लाव, आणि आइसलँडात बाहेर आलं की लगेच गरम कुंडात उडी मारायचा विचार काही तास पुढे ढकल. गरम चहा, कोरडे कपडे, टोपी.

वहिनींना पोहता येतं असं लिहिलंयस, तर त्यांच्यासाठी तिथं ड्रायसूटमधलं स्नॉर्कलिंग आहे, सर्टिफिकेट लागत नाही. तारखा पक्क्या झाल्या की कळव, माझे लोकरीचे जाड मोजे जळगावला पडलेत, येऊन घेऊन जा.