'इन द वुड्स'मध्ये जुनी केस सुटतच नाही, मग वाचकाची फसवणूक झाली का?

तुमचं म्हणणं असं की टॅना फ्रेंचची 'इन द वुड्स' रात्र रात्र जागून वाचली, केटीच्या खुनाचा छडा लागला, पण 1984 साली जंगलात गायब झालेल्या दोन मुलांचं काय झालं ते शेवटपर्यंत सांगितलंच नाही, ही फसवणूक नाही का. (ज्यांनी वाचली नाहीये त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळं फोडलंय.)

मला तरी अजिबात फसवणूक वाटत नाही, आणि तुमचा वैताग समजू शकतो तरीही असंच म्हणेन.

सुरुवात आठवा ना. डब्लिनजवळची वस्ती, उन्हाळ्याचे दिवस, तीन जिवाभावाची पोरं जंगलात खेळायला जातात आणि सापडतो फक्त एक, झाडाला पाठ चिकटवून उभा, नखं सालीत रुतलेली, बुटांच्या आत रक्त, आणि त्याला काही म्हणजे काहीच आठवत नाही. हाच मुलगा मोठेपणी रॉब नावाने मर्डर स्क्वाडमध्ये डिटेक्टिव्ह होतो आणि 20 वर्षांनी त्याच जंगलाशेजारी उत्खननाच्या जागेवर बारा वर्षांच्या केटीचं प्रेत मिळतं. खरं तर त्याने लगेच सांगून केस सोडायला हवी होती, पण त्याची जोडीदार डिटेक्टिव्ह कॅसी सोडून कोणाला पत्ताच नसतो की तो कोण आहे.

आता बघा, आपण सगळे त्या जुन्या केसच्या मागे असतो, हरवलेल्या जेमीची केसांची क्लिप घटनास्थळी मिळते तेव्हा तर वाटतं की झालं, आता धागा लागला. रॉबलाही तेच वाटतं! तो रात्री एकटा त्या जंगलात झोपायला जातो, का तर काहीतरी आठवेल म्हणून. आणि या नादात समोरची केस हातातून निसटते. केटीची मोठी बहीण रोझलिंड त्याला सहज गुंडाळते कारण त्याला तिच्यात एक दुखावलेली मुलगी दिसत असते, तिचं खरं वयसुद्धा तो तपासत नाही, आणि ती अल्पवयीन निघाल्यामुळे कॅसीने एवढी जिवावर उदार होऊन मिळवलेली कबुली कोर्टात चालत नाही. कॅसीही तुटते त्याच्यापासून. माझ्या मते त्या दोन मुलांच्या गायब होण्याचा खरा हिशोब इथे आहे, मागे राहिलेल्या तिसऱ्या मुलाचं काय झालं यात. शेवटच्या प्रकरणात एखादा म्हातारा शेजारी पकडून आणला असता ना, तर हे सगळं त्याच्याखाली दबून गेलं असतं, आपण 'अच्छा, हा होता होय' म्हणून पुस्तक मिटलं असतं.

शिवाय रॉब पहिल्या प्रकरणातच सांगून टाकतो की मी खोटं बोलतो. लेखिकेने काही लपवलेलं नाही.

पण उत्तर मिळालंच पाहिजे असं असेल तर केट अ‍ॅटकिन्सनची 'केस हिस्टरीज' घ्या, 2004 ची आहे. 1970 चं केंब्रिज, बागेतल्या तंबूत बहिणीसोबत झोपलेली तीन वर्षांची ऑलिव्हिया सकाळी तिथे नसते. कित्येक वर्षांनी वडील वारल्यावर बहिणींना त्यांच्या टेबलाच्या कप्प्यात तिचा खेळण्यातला निळा उंदीर सापडतो आणि तो घेऊन त्या डिटेक्टिव्हकडे जातात. काय घडलं ते शेवटी वाचकाला नीट कळतं. फक्त सुरुवातीला तीन वेगवेगळ्या जुन्या केसेस पाठोपाठ येतात, तेवढा गोंधळ सहन करा, मग सुटत नाही हातातून.