रोज ५० इंग्रजी शब्द पाठ करूनही लक्षात का राहत नाहीत? अ‍ॅडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी कशी वाढवायची?

मी पण बारावीपर्यंत मराठी मीडियमच, आता मालवणजवळ घरचाच होमस्टे बघतो. तुमच्यासारखीच पाठांतराची हौस होती, ती एका फळ्याने जिरवली.

झालं काय, डिक्शनरीत 'पंजंट' म्हणजे तिखट असं वाचलेलं, तर मी खडूने मेनूच्या फळ्यावर झोकात लिहिलं 'पंजंट मॅकरेल करी', म्हणजे आपलं बांगड्याचं तिखलं हो. एका पाहुण्या बाईंनी ते वाचलं आणि हळूच विचारलं, मासा आजचाच आहे ना? पंजंटमध्ये नाकात जाणारा उग्र वास पण येतो, आणि तो शब्द माशाला लावला की संपलंच. साधं 'स्पायसी' मला येत होतं की! आईला अजून हे सांगितलेलं नाही.

तेव्हापासून सुटा शब्द वहीत लिहायचा बंद. आपण भरती 'येते' पण ओहोटी 'लागते' म्हणतो, हे कुणी शिकवलं का? कानावर पडून पडून बसलं. तसंच इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' आणि पाऊस 'हेवी', उलट केलं तर अर्थ कळेल पण कानाला खटकेल. म्हणून शब्द ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य उतरवायचं, खाली आपल्या घरातलं एखादं वाक्य जोडायचं, मग दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी, पंधरा दिवसांनी शब्द झाकून वाक्य पुरं होतंय का बघायचं. दिवसाला चार-पाच शब्द, ५० वगैरे विसरा.

कुठले शब्द घ्यायचे तर अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची 'अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट' शोधा, २००० सालची आहे, ५७० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुटुंब), 'डिराइव्ह', 'सिग्निफिकंट' असले अभ्यासाच्या लिखाणात सारखे लागणारे. परीक्षांच्या जाड पुस्तकातले अगडबंब शब्द नंतर.

आणि वाचायचं ते आपल्या कामाचं. मला शेअर मार्केटचं काही कळत नाही, त्याच्या बातम्या वाचून एक शब्द टिकला नाही. पण पावसाळ्यात हवामान खात्याचे मच्छीमारांसाठीचे इंग्रजी इशारे येतात ना, 'स्क्वॉली वेदर' (सोसाट्याच्या वाऱ्याचं हवामान) 'प्रिव्हेल' होणार म्हणजे राहणार, समुद्रात 'व्हेंचर' करू नका, ते वाचताना काकांची होडी बाहेर असायची. ते तिन्ही शब्द मी वहीत कधी लिहिलेच नाहीत.