वाचकांचे प्रश्न : पडदे रंगवणारा दिग्दर्शक

बाबूराव पेंटर यांच्याविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या वेळी एकत्र उत्तर देत आहोत, कारण तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

प्रश्न : आमचे आजोबा सांगत, की बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा कोल्हापुरात स्वतःच्या हातांनी बनवला. कोणतेही यंत्र न बघता असा कॅमेरा बनवता येतो का? आणि ‘पेंटर’ हे त्यांचे खरे आडनाव होते का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : आजोबांचे सांगणे खरे आहे. त्यातले ‘न बघता’ एवढे मात्र वगळावे लागेल.

बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री. ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला आणि चित्रकला व शिल्पकला त्यांनी कोणत्याही कलाशाळेत न जाता आत्मसात केली. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव आणि ते, असे दोघे मिळून संगीत नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, रस्ता असे त्यांचे पडदे इतके नावाजले गेले, की धंद्याचे नाव हेच आडनाव होऊन बसले. दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांनी या दोघांना सिनेमाचे वेड लावले. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखवण्याचे एक यंत्र मिळवले आणि ते खोलून त्याचा अभ्यास सुरू केला.

हा अभ्यास वाटतो तितका आडवळणाचा नव्हता. चित्रपट दाखवणारे यंत्र फिल्म सलग ओढत नाही. ते एक चौकट पुढे सरकवते, क्षणभर थांबवते आणि सरकण्याच्या वेळी झडपेने प्रकाश अडवते. कॅमेऱ्यालाही नेमके हेच करावे लागते. फरक इतकाच, की तिथे प्रकाश बाहेरून आत येतो आणि फिल्मचा डबा काळोखा ठेवावा लागतो. म्हणजे एक यंत्र नीट समजले की दुसऱ्याचे निम्मे कोडे सुटते. उरलेले निम्मे दातेरी चाकांच्या अचूकपणावर अवलंबून असते, कारण त्यात केसभर चूक झाली तरी पडद्यावरचे चित्र थरथरते. हे काम चालू असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. पुढे विष्णुपंत दामले यांना हाताशी घेऊन बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. एका गायिकेच्या पैशावर मराठी सिनेमाची ही शाळा सुरू झाली, याचा उल्लेख आपल्याकडे फार ओझरता होतो.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. पडद्यावर आलेल्या या पहिल्याच स्त्रिया असे काही ठिकाणी लिहिले जाते, ते बरोबर नाही. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई आणि कमलाबाई या मायलेकी त्यांच्या आधी दिसल्या होत्या. तरीही १९२० साली सिनेमात काम करणाऱ्या बाईला समाज कसे वागवत असे, ते ध्यानात घेतले तर ‘सैरंध्री’तील गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांचे धाडस तसूभरही कमी ठरत नाही.

प्रश्न : ‘सावकारी पाश’ला वास्तववादी चित्रपटांतला पहिला मान का देतात? तो आज पाहायला मिळेल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आणि कडू आहे. १९२५ चा मूकपट आज उपलब्ध नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती झटकन पेट घेई, पेटली नाही तर काही वर्षांत चिकट होऊन सडे. आणि गावोगाव फिरून झिजलेल्या प्रती जपून ठेवाव्यात असे फारसे कोणाच्या मनातही येत नसे. बाबूरावांच्या मूकपटांपैकी ‘मुरलीवाला’सारख्या एखाद्या चित्रपटाचे तुकडे तेवढे उरले आहेत.

आता पहिला प्रश्न. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरच्या या चित्रपटातील शेतकरी सावकाराच्या कागदपत्रांत अडकतो, जमीन गमावतो आणि शहरात येऊन गिरणीत मजूर होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका बाबूरावांचे शिष्य आणि पुढचे प्रसिद्ध दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी, तर सावकाराची झुंझारराव पवार यांनी केली. हा विषय प्रेक्षकांना परका नव्हता. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून पेटलेल्या उठावात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली होती, आणि त्याची आठवण असलेली माणसे १९२५ साली अजून हयात होती. परका होता तो हा विषय पडद्यावर येणे. पडद्यावर तोपर्यंत देव, दानव आणि राजे वावरत होते. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी पुढे आठवणीत लिहून ठेवले, की अंधूक उजेडातली एक उदास झोपडी आणि रडणारे कुत्रे हे याच कथेच्या पुढच्या, १९३६ सालच्या बोलपटातले दृश्य त्यांना कधी विसरता आले नाही. धंद्याच्या दृष्टीने मात्र १९२५ चा मूकपट बेताचाच चालला.

माझ्या मते बाबूरावांचे वेगळेपण इथेच दिसते. आयुष्याची पहिली वर्षे पडदे रंगवण्यात घालवलेल्या या माणसाने स्टुडिओत आल्यावर रंगवलेले पडदे बाजूला सारले आणि खोली असलेले भरीव सेट उभे केले. कॅनव्हासवर सावली रंगवून खोलीचा भास कसा होतो, ते त्यांना पुरते ठाऊक होते, आणि म्हणूनच कॅमेऱ्यापुढे तो भास पुरणार नाही हे त्यांना इतरांपेक्षा आधी कळले असावे. पोशाख आणि पात्रांच्या हालचाली ते आधी कागदावर रेखाटून घेत. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. चित्रपटांची चित्रमय पोस्टर्सही त्यांच्याच हातची असत. लंडनजवळच्या वेम्ब्ली येथील प्रदर्शनात त्यांच्या ‘कल्याण खजिना’ला पदक मिळाले होते.

प्रश्न : इतका मोठा गुरू असताना शिष्य त्यांना सोडून का गेले? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. याचे खापर एकाच्या डोक्यावर फोडण्यात अर्थ नाही. चित्रकाराच्या सवयीने काम करणारा धनी मनाजोगते होईपर्यंत थांबतो. कंपनीला मात्र ठरल्या वेळी नवा चित्रपट द्यावा लागतो. हाताखालची मंडळी आता तयार झाली होती आणि त्यांना आपले स्वतःचे काही करायचे होते. ती किती तयार झाली होती, हे दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ने १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवून दिले. दामले बाबूरावांकडे कॅमेऱ्याची चाके जुळवत होते, हे इथे पुन्हा आठवावे.

बाबूरावांची कंपनी मात्र बोलपटांच्या युगात तग धरू शकली नाही. त्यांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे मोजके बोलपट केले आणि १९३६ साली ‘सावकारी पाश’ पुन्हा, या वेळी आवाजासह, काढला. गुरुशिष्यांतला दुरावा कायमचा राहिला असे आपल्या पत्रावरून वाटते, पण तसे झाले नाही. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’साठी शांताराम यांनी बाबूरावांना दिग्दर्शक म्हणून बोलावले, आणि त्या चित्रपटावर दोघांचीही नावे आहेत.

बाकीचा वेळ त्यांनी रंग आणि मातीला दिला. १६ जानेवारी १९५४ रोजी ते वारले. बेळगावहून कोल्हापूर दूर नाही. कधी गेलात तर शिवाजी चौकात थांबा. तिथला महाराजांचा अर्धपुतळा बाबूरावांनी घडवलेला आहे.