‘तोपर्यंत इथे एफवाय करू दे’ : एवढं मात्र नका करू

तुमची पोस्ट दोनदा वाचली. मुलगी बारावीत, उंची पाच फूट अकरा, राज्य संघात, अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल खेळायचंय, आणि शेवटची ओळ : ‘स्कॉलरशिपचं जमेपर्यंत इथल्या कॉलेजात एफवायला घालतो, वर्ष वाया नको.’ दादा, 2014 साली माझ्या बाबांनी अगदी हेच केलं होतं, म्हणून लिहायला बसले.

कोचना ईमेल, इंग्रजीची परीक्षा वगैरे तुम्ही बघितलंच असेल, ते सोडते.

अमेरिकेतला कॉलेज खेळ चालवणारी संस्था म्हणजे एनसीएए, आणि तिच्या तीन स्तरांतला सगळ्यात वरचा डिव्हिजन वन. तिथे खेळायला चार सीझन मिळतात आणि ते पाच वर्षांत संपवायचे असतात. ही पाच वर्षं अमेरिकेत उतरल्यावर मोजतात, असं आम्ही धरून चाललो. तसं नाही. जगातल्या कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेऊन वर्ग सुरू झाले की मोजणी सुरू. माझी एफवायबीएला सुरू झाली. गंमत म्हणजे वर्गात मी फारशी नसायचेच, पण खेळाडू म्हणून हजेरी चोख लावलेली. तोच पुरावा झाला.

त्याहून महागात पडलं ते वेगळंच. दोन वर्षं विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ खेळले. दोन्ही मिळून नऊ सामने. एका वर्षी तर तिसऱ्याच सामन्यात गारद होऊन परतीची रेल्वे पकडली. तिकडे एका सीझनला तीसेक सामने असतात, पण तेव्हाच्या हिशेबात एक मिनिट कोर्टवर उतरलं तरी सीझन खर्ची. नऊ सामन्यांत माझे चारातले दोन गेले. वर ‘ट्रान्सफर’, म्हणजे आधीच्या कॉलेजातून बदलून आलेली, ठरले, आणि त्या काळी ट्रान्सफर झालेल्या खेळाडूला एक वर्ष नुसतं बाकावर बसावं लागे. जी कोच सहा महिने माझ्याशी बोलत होती, तिने दोन ओळींत विषय मिटवला.

त्यातूनही काही निघालं असतं, पण मध्ये आमच्या विद्यापीठाचं एक कार्यालय आडवं आलं. नाव घेत नाही. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा विद्यापीठाने सीलबंद पाकिटात द्यायचा दाखला, मागायला गेले तर म्हणे, ‘मार्कशीट आहे ना, मग झेरॉक्स मार की.’ शिक्क्याचे साहेब रजेवर, सही करणारे साहेब दौऱ्यावर. अकरा आठवड्यांनी पाकीट हातात आलं, तर ज्या फ्लॅपवर आडवा शिक्का हवा तिथे नुसता डिंक. परत रांगेत. तोवर तिकडच्या संघातल्या जागा भरल्या होत्या. आजही त्या इमारतीवरून रिक्षा गेली की मी दुसरीकडे बघते.

शेवटी डिव्हिजन टूला गेले. तिथे पाच वर्षांऐवजी दहा सेमिस्टर मोजतात, म्हणून जमलं. अर्धी स्कॉलरशिप, अर्धं कर्ज, दोन सीझन. खेळ चांगला असतो हो तिथे, नाकं मुरडू नका. पण डिव्हिजन थ्रीवाले ‘स्पोर्ट्‌स स्कॉलरशिप देतो’ म्हणाले तर समजा की मधला एजंट बोलतोय. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसतेच.

तुम्ही केटलिन क्लार्कचं नाव घेतलंत. ती कॉलेज बास्केटबॉलची मोठी स्टार, आयोवा विद्यापीठाकडून 2020 ते 2024, 3951 गुण. पण तिला चारही सीझन पूर्ण मिळाले, कोविडमुळे पाचवा मिळत होता तो तिने सोडला. आपल्या मुलींनी निदान चार तरी राखून न्यावेत. आपल्याकडून कुणी जात नाही असंही नाही, बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न अ‍ॅरिझोनाकडून डिव्हिजन वन खेळलीच की.

माझं मत विचाराल तर बारावीनंतर एक वर्ष सरळ घरी ठेवा. प्रवेश नको, विद्यापीठाचा संघ तर नकोच. जिल्हा संघटनेकडून, क्लबकडून खेळू दे. बास्केटबॉलला बारावी वेळेवर झाल्यापासून साधारण वर्षभराची सवलत असते. त्यानंतर खेळलात तर तेही सीझनमधून कापतात. नातेवाईक ‘पोरगी घरी बसवली’ म्हणतील, म्हणू देत. अर्थात मी वकील नाही, अनुभव आठ-नऊ वर्षांपूर्वीचा आहे, आणि हे नियम आता फार वेगाने बदलताहेत. प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी तिकडच्या कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला (खेळाडू नियमांत बसतो का ते बघणारं कार्यालय) लेखी विचारा. तोंडी उत्तर धरू नका.

आणखी दोन गोष्टी. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर वेगळं. एनसीएएचं खातं पासपोर्टप्रमाणेच उघडा. आणि गाणी लावलेली रील पाठवू नका, एक अख्खा सामना पाठवा. चेंडू हातात नसताना मुलगी काय करते, ते कोचना बघायचं असतं.

तिची दहावी कुठल्या साली झाली? मध्ये ड्रॉप घेतलाय का? नववीपासूनची चार वर्षंही ते मोजतात, म्हणून विचारतेय.