दिवा विझवायचा, गाडी विकायची की हप्ता लावून घ्यायचा?

प्रश्न: माझी पेट्रोल गाडी १३ वर्षं जुनी आहे. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली, आजवर १,४२,००० किमी झाले आहेत. आठ महिने चेक इंजिनचा दिवा पेटलेला आहे. गॅरेजमध्ये आधी पुढचा आणि मग मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलला. दिवा दहा-बारा दिवस गेला आणि परत आला. आता मेकॅनिक म्हणतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनचा धूर स्वच्छ करणारा भाग) गेला. त्याचा खर्च गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या एक तृतीयांशाहून थोडा जास्त आहे. स्कॅनरवर पी०१७१ आणि पी०४२० असे दोन कोड दिसतात. सकाळी सुरू केल्यावर गाडी थोडी थरथरते, बाकी ठीक चालते. माझ्याकडे चार महिन्यांच्या घरखर्चाइतका आपत्कालीन निधी आहे. त्यातला निम्मा डाउन पेमेंटला घालून पाच वर्षांच्या कर्जावर नवी गाडी घ्यावी का?

उत्तर: नवी गाडी आत्ता घेऊ नका. कन्व्हर्टरही आत्ता बदलू नका. दोन्ही निर्णय एका गृहीतकावर उभे आहेत, ते म्हणजे कन्व्हर्टर खराब आहे. आणि ते अजून कोणी तपासलेलंच नाही. कोड वाचणं म्हणजे निदान नव्हे. आजवर तुम्ही पार्टचे पैसे दिलेत, तपासणीचे दिले नाहीत. या सगळ्या हिशेबात सर्वांत स्वस्त असलेली गोष्ट तेवढी राहून गेली आहे.

दोन सेन्सरवर झालेला खर्च बाजूला ठेवा. 'एवढे घातलेच आहेत तर कन्व्हर्टरही टाकू' किंवा 'एवढे घालूनही काही झालं नाही, आता विकूनच टाकू' ही दोन्ही वाक्यं त्या गेलेल्या पैशांकडे बघून सुचतात. इथून पुढे काय लागणार एवढाच प्रश्न उरतो.

आता कोड. पी०१७१ म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला मिश्रण पातळ वाटतंय, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टरचं काम ठरलेल्या पातळीखाली गेल्यासारखं दिसतंय. 'वाटतंय' आणि 'दिसतंय' हे शब्द मुद्दाम वापरले आहेत, कारण कॉम्प्युटर कन्व्हर्टरच्या आत डोकावत नाही. तो कन्व्हर्टरच्या पुढच्या आणि मागच्या, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या व्होल्टेजवरून अंदाज बांधतो. दोन्ही कोड एकत्र असताना आधी पी०१७१ सोडवायचा असतो. मिश्रण बिघडलेलं असताना कन्व्हर्टरची परीक्षा घेण्यात अर्थ नाही, आणि काही वेळा दोन्ही कोडांचं मूळ एकच निघतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या भागाचं) गॅस्केट फुटलं असेल किंवा मॅनिफोल्डला बारीक तडा असेल, तर पुढच्या सेन्सरच्या आधी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत जातो, पी०१७१ येतो. त्याच गोंधळात पी०४२० सुद्धा येऊ शकतो. अशा गाडीत नवा कन्व्हर्टर बसवला तर थोड्या दिवसांनी दिवा पुन्हा हजर.

म्हणून आणखी पार्ट घेण्याआधी दुसऱ्या गॅरेजमध्ये फक्त तपासणीसाठी गाडी न्या. 'दिवा घालवून द्या' असं म्हणू नका, तसं म्हटलं की कोड पुसला जातो किंवा पार्ट बदलला जातो. 'पी०१७१ का येतो ते शोधून सांगा, तपासणीचे वेगळे पैसे देतो, पार्ट नंतर ठरवू' असं सांगा. आणि कोड पुसण्यापूर्वी फ्रीझ फ्रेम लिहून घ्यायला सांगा. कोड नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम किती होते, इंजिन किती तापलेलं होतं, त्यावर लोड किती होता, हे त्यात साठवलेलं असतं. कोड पुसला की तेही जातं. बॅटरीची वायर काढून दिवा घालवणाऱ्यांच्या हातून नेमका हाच पुरावा नष्ट होतो.

मग फ्यूएल ट्रिम बघायचा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा. हे आकडे साध्या ब्लूटूथ स्कॅनरवरही दिसतात. स्कॅनरचं १६ पिनांचं सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या तळाशी असतं. शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (बऱ्याच काळात साठलेला) या दोन आकड्यांची बेरीज साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असायला हवी. पी०१७१ असलेल्या गाडीत ती अधिक २० च्या आसपास किंवा वर दिसेल. इंजिन पूर्ण गरम करून आधी आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) आकडा बघायचा, मग २५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरून पुन्हा.

आयडलला खूप जास्त आणि २५०० वर जवळजवळ शून्यापर्यंत उतरला, तर कुठून तरी न मोजलेली हवा आत जाते आहे. भेगाळलेले व्हॅक्यूम पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाचं) गॅस्केट, पीसीव्हीचा (इंजिनमधली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) पाइप. तेरा वर्षांच्या गाडीत रबर कडक होतं, त्यामुळे पहिला संशय इथेच. तुमच्या गाडीची सकाळची थरथरही याच्याशी जुळते. थंडपणी फट थोडी मोठी असते, गरम झाल्यावर मिटते. स्मोक टेस्ट केली, म्हणजे इनटेकमध्ये धूर सोडला, तर धूर जिथून बाहेर येतो तीच जागा. उलट वेग आणि लोड वाढला की आकडाही वाढत असेल, तर एअर फ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) मळलेला आहे किंवा पेट्रोलचं प्रेशर कमी पडतंय. एअर फ्लो सेन्सर त्याच्याच खास स्प्रेने धुतात, आतल्या बारीक तारेला बोट किंवा कापड लावायचं नाही. हे काम स्वस्त आहे. फ्यूएल पंपावर मात्र प्रेशर गेजने मोजल्याशिवाय पैसे घालू नका. आणि एक अपवाद: ज्या गाडीत एअर फ्लो सेन्सरऐवजी मॅप सेन्सर (इनटेकमधलं प्रेशर मोजणारा) असतो, तिथे हवेच्या गळतीची ही खूण एवढी स्पष्ट दिसत नाही.

एक्झॉस्टची गळती कानाने आणि डोळ्यांनी सापडते. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच मॅनिफोल्डकडून टिक-टिक आवाज येतो आणि इंजिन तापलं की कमी होतो. जोडाजवळ काजळीचा काळा पट्टा असतो.

हे सगळं मिटल्यावर कन्व्हर्टरची पाळी. इंजिन कडक गरम, २५०० आरपीएम दोन-तीन मिनिटं, आणि मागच्या सेन्सरचं व्होल्टेज स्क्रीनवर. ते ०.६ ते ०.८ च्या दरम्यान स्थिर राहिलं तर कन्व्हर्टर काम करतोय. ०.१ ते ०.९ अशा भराभर उड्या मारत राहिलं तर तो खरंच संपलाय. एवढी तपासणी झाल्याशिवाय एक तृतीयांशाचं बिल मान्य करायचं नाही.

समजा संपलाच आहे, तरी पुढचा प्रश्न उरतो: कशामुळे संपला? कन्व्हर्टर सहसा आपोआप मरत नाही, त्याला कोणीतरी मारतं. इंजिन ऑइल जाळत असेल तर त्यातला फॉस्फरस आतल्या धातूवर थर धरतो. हेड गॅस्केटमधून कूलंट जात असेल तरी तेच. इंजिन मिसिंग मारत असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. (दिवा स्थिर नसून लुकलुकायला लागला तर तो याचाच इशारा असतो. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या.) कारण तसंच ठेवून नवा कन्व्हर्टर लावणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणं.

म्हणून दोन तपासण्या तुमच्या पैशांच्या निर्णयासाठी कन्व्हर्टरपेक्षाही महत्त्वाच्या आहेत. पहिली घरची. सपाट जागी, थंड इंजिनवर डिपस्टिकची पातळी नोंदवा, हजार किमीनंतर पुन्हा बघा. किती ऑइल वरून घालावं लागलं ते लिहून ठेवा. अर्ध्या लिटरच्या वर गेलं तर मी सावध होईन. दुसरी गॅरेजची, कॉम्प्रेशन टेस्ट. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, पेट्रोल आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यायचा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर इंजिनच थकलंय. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं: आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

आता पैसे. तुमच्या गाडीचा आजचा बाजारभाव १०० धरू. कन्व्हर्टर ३५. नवी गाडी समजा ६००, त्यात १२० डाउन पेमेंट आणि ४८० कर्ज. व्याजदर १० टक्के धरला तर ६० महिन्यांचा हप्ता साधारण १०.२ येतो. म्हणजे ज्या कन्व्हर्टरला तुम्ही घाबरला आहात, तो साडेतीन हप्त्यांचा आहे. पाच वर्षांत नुसतं व्याज १३२ जातं, म्हणजे तुमच्या आख्ख्या गाडीहून जास्त. त्यात पहिल्या वर्षाचा घसारा मिळवा. नवी गाडी पहिल्या वर्षात १५ ते २० टक्क्यांनी उतरली तर ९० ते १२० गेले, आणि पहिल्या वर्षाचं व्याज सुमारे ४४. म्हणजे नव्या गाडीचं पहिलं वर्ष तुम्हाला १३० ते १६० ला पडतं, वाढीव विमा वेगळा. हप्ता भरून मालमत्ता होते हे खरं, पण ती मालमत्ता रोज झिजणारी आहे. तुमचे आकडे वेगळे असतील, ते याच जागी घालून बघा.

या गणितात जुनी गाडी जवळजवळ नेहमीच जिंकते, आणि म्हणूनच ते एकट्याने पुरत नाही. 'दुरुस्ती बाजारभावाच्या निम्म्यावर गेली की विका' हा नियमही मला फारसा पटत नाही. गाडीच्या किमतीशी तुलना करून काय मिळणार? तुलना दुसऱ्या गाडीच्या खर्चाशी करायला हवी. खरी भीती वेगळी आहे: ३५ घातले आणि चार महिन्यांनी इंजिनच बसलं. ती भीती ऑइलची नोंद आणि कॉम्प्रेशनचे आकडे कमी करतात. त्यांच्या जोडीला पुढच्या १२ महिन्यांत नक्की येणारे खर्च लिहून काढा: टायर, क्लच, सस्पेन्शन. इंजिनला टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याची नोंद तुमच्याकडे नसेल, तर तो यादीत पहिला. बेल्ट तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात, आणि मग कन्व्हर्टरचा विषयच उरत नाही.

कॉम्प्रेशन चांगलं, ऑइल फारसं खात नाही, यादीची बेरीज ६० च्या आत: गाडी ठेवा आणि ठरलेल्या क्रमाने दुरुस्त करा. पी०१७१ आधी, मग शंभरेक किमी मिश्र रस्त्यावर चालवून बघा, त्यानंतरही पी०४२० राहिला आणि व्होल्टेजनेही तेच सांगितलं तरच कन्व्हर्टर. तो घेताना अगदी स्वस्तातला नको. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम कमी असतं आणि कोड लवकर परत येतो. याच धातूंमुळे जुन्या कन्व्हर्टरला भंगारात चांगला भाव येतो, म्हणून तो परत मागा किंवा बिलातून वजा करून घ्या. हे बहुतेक लोक विसरतात. दुरुस्तीनंतर नुसता दिवा गेला म्हणून समाधान मानू नका. स्कॅनरवर रेडिनेस मॉनिटर (कॉम्प्युटरने स्वतः करायच्या तपासण्या) पूर्ण झालेले दिसायला हवेत, विशेषतः कन्व्हर्टरचा. मागच्या वेळी दिवा दहा-बारा दिवस गेला तो बहुधा कोड पुसल्यामुळे. अनेक कोड गाडीच्या सलग दोन फेऱ्यांत (सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत एक फेरी) दोष दिसल्यावरच दिवा पेटवतात, त्यामुळे सुरुवातीची शांतता फसवी असते.

कॉम्प्रेशन खाली आलंय किंवा ऑइल खूप जातंय, तर कन्व्हर्टरवर एक पैसाही घालू नका आणि गाडी विकायला काढा. कोड पुसून, दिवा लपवून नाही. घेणारा हुशार असेल तर रेडिनेस मॉनिटर अपूर्ण बघून ओळखेलच, आणि नसेल तर ती फसवणूक आहे. तपासणीचा कागद दाखवून विका. दोष माहीत नसला की घेणारा सर्वांत वाईट शक्यता धरून भाव पाडतो, लेखी माहिती असली की तेवढाच वजा करतो.

तरीही त्यानंतर थेट सहापट किमतीच्या नव्या गाडीवर जायची गरज नाही. चांगली देखभाल झालेली, चार-पाच वर्षं जुनी गाडी बघा. पाहायला जाताना स्कॅनर सोबत न्या आणि कोड पुसल्यापासून किती किमी झाले हा आकडा वाचा. विकणारा 'काहीच प्रॉब्लेम नाही' म्हणतोय आणि स्कॅनर ३० किमी दाखवतोय, तर तिथून निघा.

आपत्कालीन निधीला डाउन पेमेंटसाठी हात लावू नका. निम्मा निधी देऊन पाच वर्षांचा हप्ता डोक्यावर घेतला, तर घरखर्च वाढतो आणि तो भागवणारा निधी त्याच दिवशी अर्धा होतो. चार महिन्यांचा निधी मग दोन महिनेही पुरणार नाही. तपासणीचे पैसे आणि लागलाच तर कन्व्हर्टर, एवढं त्यातून काढायला माझी हरकत नाही. त्यानंतर ज्या १०.२ च्या हप्त्याला तुम्ही तयार झाला होतात, तेवढीच रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाका. पहिल्या चारेक महिन्यांत निधी भरून निघेल. पुढे त्यातले ४ दुरुस्तीसाठी आणि उरलेले पुढच्या गाडीसाठी. वर्षभर हा हप्ता स्वतःला भरता आला नाही, तर तो बँकेला भरणंही जड गेलं असतं, आणि हे कर्ज न घेता कळलेलं बरं.

या आठवड्यात करायचं काम एवढंच: डिपस्टिकची नोंद, फ्रीझ फ्रेमचा फोटो, आणि स्मोक टेस्ट करणारं गॅरेज शोधणं.